सहा दिवसांत पाच विजय, आठ मोसमांत सदतीस पराभव : सेवानी कॉलेजच्या फुटबॉलचं प्रकरण

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, कंबरलँड पठाराच्या माथ्यावर सेवानी हे छोटं गाव आहे. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथला सगळे गावाच्या नावानेच ओळखतात. नावात युनिव्हर्सिटी असली तरी आकाराने ते कायम छोटं कॉलेजच राहिलं. आजही तिथे सतराशेच्या आसपास विद्यार्थी शिकतात. या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नावावर दोन नोंदी आहेत. नोव्हेंबर १८९९ मध्ये त्याने सहा दिवसांत पाच सामने जिंकले आणि पाचांत मिळून एकही गुण दिला नाही. पुढे १९३३ ते १९४० या आठ मोसमांत साउथईस्टर्न कॉन्फरन्स या आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातले सदतीसच्या सदतीस सामने तो हरला.

कॉलेज तेच, डोंगर तोच, मैदानही तेच. मग मधल्या चाळीस वर्षांत काय बदललं? पूर्वीची मुलं पोलादी होती आणि नंतरची मऊ निघाली, हे नेहमीचं उत्तर आम्हाला पटत नाही. खरं उत्तर तीन गोष्टींत सापडतं : बदली खेळाडूंचा नियम, तिकिटांचा पैसा आणि प्रतिस्पर्धी कोण निवडायचे हा निर्णय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

डोंगरावर कॉलेज कसं आलं

एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेतल्या धर्मप्रांतांनी १८५७ मध्ये हे विद्यापीठ काढायचं ठरवलं. जमिनीचा मोठा तुकडा कोळसा काढणाऱ्या खाण कंपनीने दिला. कोळसा खाली उतरवण्यासाठी कंपनीने काउअन गावापासून पठारावर रेल्वेचा फाटाही चढवला होता. चढ इतका अवघड की लोक त्या गाडीला ‘माउंटन गोट’, म्हणजे डोंगरी बोकड म्हणत. हा फाटा ध्यानात ठेवा. तो नसता तर या कॉलेजला परगावचे सामने जमलेच नसते.

१८६० मध्ये कोनशिला बसली, लगेच यादवी युद्ध पेटलं आणि १८६३ मध्ये उत्तरेच्या सैनिकांनी ती कोनशिला फोडून टाकली. वर्ग सुरू झाले ते १८६८ मध्ये, अवघ्या नऊ विद्यार्थ्यांवर. फुटबॉल आला १८९१ मध्ये. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला चॅटनूगा इथे सेवानीने टेनेसी विद्यापीठाला २४–० हरवलं. आज लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये खेळणाऱ्या टेनेसीचा तो आयुष्यातला पहिला सामना होता.

१८९० च्या दशकात सेवानीत साध्या पदवीच्या वर्गांबरोबर वैद्यक आणि कायद्याचे विभागही होते. तेव्हाचे पात्रतेचे नियम सैल असल्याने वयाने मोठे, अंगाने भरलेले विद्यार्थीही संघात चालत. पटावर विद्यार्थी थोडे असले तरी त्यांत खेळायला तयार झालेले तरुण पुष्कळ, ही छोट्या कॉलेजची मोठी जमेची बाजू होती.

१८९९ चा खेळ

आजचा अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर पाहिलेल्यांनी तो क्षणभर विसरावा. मैदान ११० यार्डांचं होतं. डाव दोन, ३५–३५ मिनिटांचे. पाच यार्ड पुढे सरकायला तीन प्रयत्न मिळत, आज दहा यार्डांना चार मिळतात. चेंडू पुढे फेकायला बंदी होती. ती १९०६ मध्ये उठली. त्यामुळे खेळ म्हणजे मुख्यतः चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं. चेंडू गोलरेषेपार नेला की टचडाउनचे ५ गुण, त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी १, आणि खेळ चालू असताना थेट किकने केलेल्या फील्ड गोलचेही ५. डोक्याला हेल्मेट घालण्याची सक्ती नव्हती.

दोन बारकावे या प्रकरणात निर्णायक ठरले.

पहिला पंटचा. चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला लागण्याआधी लाथेने लांब उडवायचा, याला पंट म्हणतात. पुढे सरकणं इतकं कष्टाचं असताना, पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नातच पंट मारून समोरच्याला त्याच्या गोलरेषेजवळ कोंडणं हा हुशारीचा डाव होता. ज्याच्याकडे लांब पंट मारणारा गडी, त्याचा बचाव निम्मा तिथेच झाला. सेवानीकडे ऑर्मंड सिमकिन्स होता, फुलबॅकही (चेंडू घेऊन मागून धावत येणारा गडी) तोच आणि किक मारणाराही तोच.

दुसरा बदलीचा. मैदानाबाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. कबड्डीत बाद झालेला गडी गुण मिळताच आत येतो. इथे एकदा बाहेर म्हणजे त्या दिवसापुरता संपला. त्यामुळे दोन्हीकडचे अकरा जण आक्रमणही करत, बचावही करत आणि बहुतेक पूर्ण सामना खेळत. मोठ्या कॉलेजकडे बाकावर चाळीस जण असले तरी ताज्या दमाची दुसरी फळी आत-बाहेर फिरवता येत नव्हती. नियमच असा होता की अकरा-बारा उत्तम गडी असलेलं छोटं कॉलेज कोणाशीही बरोबरीने भिडू शकत असे. १८९९ च्या विजयांचं हे कारण क्वचितच कोणी सांगतं.

दौरा का निघाला

दौरा पैशांसाठी निघाला. सेवानीचा शेजारी आणि सर्वांत जुना वैरी म्हणजे नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट. त्यांच्याविरुद्धच्या सामन्याला सर्वांत मोठी गर्दी व्हायची. पण तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि १८९९ मध्ये तो सामनाच झाला नाही. वर्षाची मोठी मिळकत बुडाली.

संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक होता ल्यूक ली, वय वर्षं २०. हाच पुढे १९११ मध्ये अमेरिकन सिनेटवर निवडून गेला. पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, हॉलंडमध्ये आसरा घेतलेल्या कैसरला, म्हणजे जर्मनीच्या माजी सम्राटाला, उचलून आणण्याचा बेतही याच गड्याने काही सोबत्यांसह केला होता, तो फसला. अशा माणसाने भोक बुजवायला एकच मोठा सामना न शोधता टेक्सासपासून मेम्फिसपर्यंत पाच सामन्यांची माळ गुंफली.

माळ कशी गुंफली ते पाहण्यासारखं आहे. टेक्सास ए अँड एमशी सामना त्यांच्या गावी ठेवला नाही, ह्यूस्टनला ठेवला. मिसिसिपी विद्यापीठाशी त्यांच्या ऑक्सफर्ड गावी न खेळता मेम्फिसला खेळले. पुढे ऑबर्नशी माँटगोमेरीला, नॉर्थ कॅरोलायनाशी अटलांटाला. कॉलेजं आडगावी, सामने मात्र शहरात. शहरात प्रेक्षक असतात आणि मुख्य रेल्वेमार्ग तिथूनच जातो. मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून संघाने झोपण्याच्या सोयीचा पुलमन डबा घेतला. दुपारी सामना, रात्री प्रवास, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सामना. हॉटेलात रात्र काढली असती तर तारखाही जमल्या नसत्या आणि हिशेबही.

७ ते १४ नोव्हेंबर

७ नोव्हेंबरला, मंगळवारी, २१ खेळाडू, प्रशिक्षक बिली सूटर आणि व्यवस्थापक ली निघाले. सूटर प्रिन्स्टनमध्ये तयार झालेला. कर्णधार हेन्री सीबल्स, टोपणनाव ‘डिडी’. सोबत सेवानीच्या झऱ्याच्या पाण्याची दोन पिंपं घेतली होती. परगावचं पाणी बाधलं तर बदली खेळाडूंच्या त्या नियमामुळे संघ मैदानातच कोसळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाणी आठवणीने घेतलं, पण खेळण्याचे बूट मागे राहिले. ते नंतर पाठवून घ्यावे लागले आणि पहिल्या सामन्याआधी कसेबसे पोचले. दौऱ्यावर सामानाची यादी एका माणसाच्या नावावर असावी, हा नियम आजही प्रत्येक संघाला असाच एकदा पोळून कळतो.

गुरुवार, ९ नोव्हेंबर, ऑस्टिन : टेक्सास विद्यापीठावर १२–०. सीबल्सच्या डोक्याला खोक पडली, तरी तो खेळत राहिला. त्या रात्री साधारण २६५ किलोमीटरचा प्रवास.

शुक्रवार, १० नोव्हेंबर, ह्यूस्टन : टेक्सास ए अँड एमवर १०–०. पाच सामन्यांतले हे सर्वांत कमी गुण. गणित मांडलं तर पाच-पाच गुण दोनदा मिळाले आणि टचडाउननंतरच्या किकचा एकही गुण नाही. दुसऱ्याच दिवशी पाय थकल्याची ही खूण असावी असं आम्हाला वाटतं. सामना संपल्यावर न्यू ऑर्लिन्सकडे, साधारण साडेपाचशे किलोमीटर. मुंबईहून रात्रीच्या गाडीने मडगावला उतरायचं आणि दुपारी मैदानावर उभं राहायचं, अंगाला मुका मार लागलेला असताना, असा तो प्रकार.

शनिवार, ११ नोव्हेंबर, न्यू ऑर्लिन्स : टुलेनवर २३–०. तीन दिवसांत तिसरा सामना, तिसरा विजय.

रविवारी सामना नाही. चर्चचं कॉलेज असल्याने रविवारी खेळण्याचा प्रश्नच नव्हता. या एका विश्रांतीचं मोल पुढच्या धावफलकात दिसतं.

सोमवार, १३ नोव्हेंबर, बॅटन रूज : लुइझियाना स्टेटवर ३४–०. दौऱ्यातला सर्वांत मोठा विजय विश्रांतीनंतर लगेच आला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर, मेम्फिस : मिसिसिपीवर १२–०. त्याआधीच्या रात्री पुन्हा सुमारे सहाशे किलोमीटर.

पाच सामन्यांत ९१ गुण केले, दिला एकही नाही. सगळा दौरा सुमारे चार हजार किलोमीटरचा. आजच्या वैद्यकीय समजुतीप्रमाणे असं वेळापत्रक कोणतीही संघटना मंजूर करणार नाही, आणि करूही नये. डोक्याला खोक पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच भिंतीत घुसतो, ही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही. कौतुक करावं ते आखणीचं : पाणी, डबा, शहरं, रविवार आणि लांब पंट.

मोसम तिथे संपला नाही. त्याआधी ऑक्टोबरात जॉर्जियाला १२–० आणि एक दिवस सोडून जॉर्जिया टेकला ३२–० हरवून झालं होतं. म्हणजे लागोपाठ सामने खेळण्याची रंगीत तालीम झालेली होती. टेनेसीवर ४६–०, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनवर ५४–०. दौऱ्यानंतर कंबरलँडवर ७१–०. मग ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत ऑबर्न. ऑबर्नचा प्रशिक्षक जॉन हाइसमन, ज्याच्या नावाने पुढे कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मानाचा पुरस्कार सुरू झाला. त्या वर्षी सेवानीवर गुण नोंदवणारा एकमेव संघ त्याचाच. सेवानी ११–१० असा निसटता जिंकला. टचडाउननंतरच्या एका किकचा फरक. २ डिसेंबरला अटलांटात नॉर्थ कॅरोलायनावर ५–०. एकूण बारा सामने, बारा विजय, ३२२ गुण केले, १० दिले.

पाया कसा झिजला

घसरण एका दिवसात झाली नाही. १९०९ मध्ये सेवानीने व्हँडरबिल्टला १६–५ असं हरवलं आणि दक्षिणेत अव्वल मान मिळवला. मात्र त्याच सुमारास पैशाअभावी वैद्यक विभाग बंद झाला, कायद्याचाही पुढे टिकला नाही. वयाने मोठ्या खेळाडूंचा झरा आटला. उरले फक्त पदवीचे विद्यार्थी, तेही मोजके.

इकडे खेळ पालटत होता. १९०६ पासून चेंडू पुढे फेकता येऊ लागला. १९१२ मध्ये मैदान शंभर यार्डांचं झालं, चौथा प्रयत्न मिळाला, टचडाउनचे ६ गुण झाले. बदलीचा नियमही हळूहळू सैलावला. १९३० च्या दशकात बाहेर गेलेल्या खेळाडूला सामन्याच्या चार भागांपैकी पुढच्या भागात परतता येत होतं. ज्याच्याकडे तीस चांगले खेळाडू, त्याला आता एक फळी थकली की दुसरी उतरवता येऊ लागली. बाकाला किंमत आली आणि सेवानीच्या बाकावर फारसं कोणी नव्हतं. १८९९ मध्ये जो नियम सेवानीची ढाल होता, तोच सरकत सरकत प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला गेला.

व्हँडरबिल्टला शेवटचं हरवलं ते १९२४ मध्ये, १६–०.

चूक कुठे झाली

डिसेंबर १९३२ मध्ये नॉक्सव्हिल इथल्या बैठकीत सदर्न कॉन्फरन्समधली तेरा कॉलेजं वेगळी झाली आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्स उभी राहिली. अलाबामा, ऑबर्न, फ्लोरिडा, जॉर्जिया, जॉर्जिया टेक, केंटकी, लुइझियाना स्टेट, मिसिसिपी, मिसिसिपी स्टेट, टेनेसी, टुलेन, व्हँडरबिल्ट, आणि तेरावं सेवानी. यादी वाचताना लक्षात येतं की १८९९ मध्ये हरवलेल्यांपैकी बरेच जण तिथे बसले आहेत. सेवानीने जुन्या ओळखीवर खुर्ची घेतली. आपण यांच्यातलेच, ही भावना खरी होती. फक्त तोवर ती मंडळी बदलली होती. त्यांतली बहुतेक राज्याच्या पैशावर चालणारी विद्यापीठं हजारो विद्यार्थ्यांची झाली होती, त्यांची काँक्रीटची स्टेडियमं उभी राहिली होती.

१९३५ मध्ये कॉन्फरन्सने खेळाडूंना खेळासाठी उघडपणे आर्थिक मदत द्यायला मोकळीक दिली. टेबलाखालचे पैसे बंद व्हावेत हा हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा झाला की ज्याचा गल्ला मोठा त्याचा संघ मोठा. सेवानीचा गल्ला भरायचा कसा? डोंगरावर गावातले आणि कॉलेजातले मिळून प्रेक्षक मूठभर. मग सामने बहुतेक परगावी, मोठ्या स्टेडियममध्ये, वाट्याच्या पैशांसाठी.

ही पद्धत ल्यूक लीचीच होती : पैसा लागतो म्हणून प्रेक्षक असतील तिथे जाऊन खेळायचं. १८९९ मध्ये त्याच पद्धतीने संघ अजिंक्य ठरला, कारण समोर जवळजवळ बरोबरीचे संघ होते. १९३० च्या दशकात त्याच पद्धतीने संघाला दर शनिवारी चुरगाळून घ्यायला पाठवलं. मार खाऊन पैसे आणायचे, त्या पैशांत खेळाडू आणायचे, ते खेळाडू पुरे पडत नाहीत म्हणून पुन्हा मार खायचा, असं ते चक्र. आठ मोसम, ३७ सामने, एकही विजय नाही. बाहेरच्या छोट्या कॉलेजांना हाच संघ हरवत होता हे विसरू नये. मुलं वाईट खेळत नव्हती. चुकीच्या मैदानावर उभी होती. त्या मुलांच्या वाट्याला जो उपहास आला, तो अन्यायाचा होता.

बाहेर पडणं

१९३८ मध्ये अलेक्झांडर गेरी कुलगुरू झाले. ते सेवानीचेच माजी विद्यार्थी आणि स्वतः इथे फुटबॉल खेळलेले. खेळाचा तिटकारा असलेल्या माणसाने कॉन्फरन्स सोडण्याचा निर्णय घेतला असता तर माजी विद्यार्थ्यांनी तो हाणून पाडला असता. गेरींची भूमिका स्पष्ट होती : संघ विद्यार्थ्यांचा हवा, संघासाठी आणलेल्या विद्यार्थ्यांचा नको. खेळाच्या शिष्यवृत्त्या त्यांनी बंद केल्या आणि डिसेंबर १९४० मध्ये सेवानी साउथईस्टर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडलं.

युद्धकाळात फुटबॉल थांबला आणि १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाला तो शिष्यवृत्तीशिवाय, आपल्यासारख्याच कॉलेजांविरुद्ध. अशा वेळी पुष्कळ छोट्या कॉलेजांनी फुटबॉल कायमचा सोडला. सेवानीने फक्त प्रतिस्पर्धी बदलले, आणि आमच्या मते या सव्वाशे वर्षांतला सर्वांत शहाणा निर्णय हाच, १८९९ च्या दौऱ्यापेक्षाही.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. १९५७ मध्ये शर्ली मेजर्स प्रशिक्षक म्हणून आले आणि १९७७ पर्यंत राहिले. टेनेसीचा गाजलेला खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक झालेला जॉनी मेजर्स हा त्यांचा मुलगा. शर्ली मेजर्सच्या हाताखाली १९५८ आणि १९६३ हे दोन मोसम सेवानी अपराजित राहिलं. एकाही खेळाडूला खेळण्यासाठी पैसे न देता. १९६२ मध्ये समान विचारांच्या कॉलेजांनी मिळून कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स काढली, तिच्या संस्थापकांत सेवानी होतं. १९७३ मध्ये कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने खेळाच्या शिष्यवृत्त्या न देणाऱ्या कॉलेजांसाठी डिव्हिजन थ्री हा वेगळा गट केला. गेरींनी तेहतीस वर्षं आधी एकट्याने जे केलं, त्याला आता देशभराची चौकट मिळाली. २०१२ पासून सेवानी सदर्न अ‍ॅथलेटिक असोसिएशनमध्ये खेळतं.

या असोसिएशनमधल्या संघांत मेम्फिसचं ऱ्होड्स कॉलेज आहे. पूर्वी ते क्लार्क्सव्हिलला होतं आणि त्याचं नाव होतं साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन; १९२५ मध्ये ते मेम्फिसला हललं, १९८४ मध्ये ऱ्होड्स झालं. १८९९ मध्ये ५४–० हरलेलं तेच हे कॉलेज. त्या मोसमातल्या बारा प्रतिस्पर्ध्यांपैकी आजच्या कॉन्फरन्समध्ये सेवानीसमोर उभं राहणारं हे एकच, कारण दोघंही लहानच राहिले. १९५४ पासून त्यांच्यातल्या सामन्याला एडमंड ऑरगिल करंडक ठेवलेला आहे, आणि आता तो कधी डोंगरावर असतो, कधी मेम्फिसला.